कीर्द येते ना, मग डेटाही येतो

मागच्या गणपतीत इंदुरातल्या आमच्या वसाहतीतल्या मंडळाची वर्गणी पहिल्यांदाच वहीऐवजी गूगल शीटमध्ये, म्हणजे फोनवरच्या रकान्यांच्या तक्त्यात, लिहिली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलो, तर रोख आणि यूपीआय मिळून २,००४ रुपये जास्त निघाले. कमी निघाले असते तर कोणीतरी खिशात हात घातला असता. जास्त निघाल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शीटमधली बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा तीच. आमचे खजिनदार काका म्हणाले, "हे बघ, यंत्र चुकत नाही म्हणतेस ना? मग माझे पैसे चुकले का?"

काकांनी हयातभर सराफ्यातल्या एका पेढीवर कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहिली. सराफा म्हटला की बाहेरगावच्यांना रात्रीचे गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी आठवतात, पण दिवसा तिथे पेढ्या असतात आणि पेढीवर काकांसारखी माणसं. त्यांनी छापील पावतीपुस्तक मागवलं, एकेक पावती शीटशी ताडली, आणि चाळिसाव्या मिनिटाला चार ओळींवर बोट ठेवलं. वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्या एका पोराने चार जणांची रक्कम '५०१/-' अशी लिहिली होती. पावतीवर लिहितात तशीच. शीटने त्या चारही रकमा बेरजेत धरल्याच नव्हत्या. चार वेळा ५०१ म्हणजे २,००४.

त्यानंतर दर रविवारी पोह्यांनंतर तासभर मी काकांना आणि वसाहतीतल्या आणखी पाच-सहा जणांना शीट नीट कशी भरायची ते शिकवते. त्या तासांतून जे कामाचं निघालं ते इथे लिहिते आहे. दिवसभर कचेरीत शीट आणि एक्सेल वापरणं हाच माझा धंदा, त्यामुळे चुका भरपूर पाहिल्या आहेत. तुमच्याकडे मंडळ नसेल तर भिशी, वाचनालय, सोसायटी, घरगुती डब्यांचा धंदा, काहीही धरा.

आधी शब्दाचा घोळ

पहिल्याच रविवारी एक काकू म्हणाल्या, "डेटा? तो तर रोज रात्रीपर्यंत संपतो." रिचार्जमधला दीड जीबी म्हणजे माहितीची ने-आण करण्याची मर्यादा. आपण बोलतो आहोत ती स्वतः माहिती: कोणी, कधी, किती दिले. काकांच्या कीर्दीतली प्रत्येक ओळ हा डेटाच. रकाने आखलेले, तारीखवार, एका ओळीत एकच व्यवहार. कीर्दीवरून खतावणी करायची, म्हणजे प्रत्येकाच्या खात्यात त्याचे व्यवहार नेऊन मांडायचे, हेही त्यांना झोपेत येतं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवून एका तक्त्याचा दुसऱ्याशी खुणेने संबंध जोडण्याची रीत मांडली आणि आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे खातेपान." अगदी तेच.

फरक एकच आहे आणि २,००४ रुपयांचं भांडण त्यातच होतं. पेढीवरचा मुनीम '५०१/-' वाचून ५०१ समजतो. शीट समजत नाही, आणि समजलं नाही हे सांगतही नाही.

पायरी १: फोन बाजूला ठेवा, कागद घ्या

कागदावर दोन तक्ते आखा. पहिला माणसांचा: सभासद क्रमांक, नाव, आडनाव, घर क्रमांक, वसाहत, पिन, मोबाइल. दुसरा व्यवहारांचा: पावती क्रमांक, तारीख, सभासद क्रमांक, रक्कम, रोख की यूपीआय, कोणी घेतली.

दोन कशाला, एकातच सगळं लिहू की, असं प्रत्येक जण म्हणतो. लिहा. मग एकाच घरातून गणपतीला, कोजागिरीला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पैसे आले की नाव-पत्ता-मोबाइल तीनदा लिहावा लागेल. त्या घराने सुदामानगरहून बिऱ्हाड हलवलं की तीन ठिकाणी पत्ता बदलावा लागेल, आणि त्यातलं एक ठिकाण हमखास राहील. माणूस एकदाच लिहायचा, व्यवहार होतील तितके.

दोन्ही तक्त्यांना जोडणारा धागा म्हणजे सभासद क्रमांक. नाव चालत नाही. आमच्या यादीत कुलकर्णी ढीगभर, त्यातल्या दोघींचं नाव मंगल, आणि दोघींच्या यजमानांचं नाव 'व' वरून. मोबाइल क्रमांकही चालत नाही, कारण तो बदलतो आणि नवरा-बायको एकच देतात. म्हणून आपलाच साधा क्रमांक द्या, १०१ पासून. एकदा दिलेला क्रमांक माणूस गेला किंवा गाव सोडून गेला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही.

पायरी २: एका खणात एकच गोष्ट

या एका नियमावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते.

'५०१/- (२०० बाकी)' हे एका खणात, म्हणजे शीटमधल्या एका चौकोनात, लिहू नका. ५०१ रकमेच्या रकान्यात, २०० बाकीच्या रकान्यात. 'रु.', '/-', 'फक्त', काहीही रकमेला चिकटवू नका. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर पूर्ण रकान्याला चलनाचं फॉरमॅट द्या, मग ते दिसतं पण आकड्यात मिसळत नाही. फोनच्या मराठी कीबोर्डवर आकडे देवनागरीत उमटत असतील तर शीटमधल्या रकमेसाठी इंग्रजी आकड्यांवर या. देवनागरी आकड्यांना प्रत्येक ठिकाणी रक्कम मानलं जाईलच असा भरवसा नाही. लेखात मी मराठी आकडे लिहिते आहे, कारण हे माणसांसाठी आहे.

आता ओळखायचं कसं? नव्या रकान्यात तुम्ही काहीही टाका, शीट ज्याला आकडा मानतं ते खणाच्या उजव्या कडेला जाऊन चिकटतं आणि ज्याला मजकूर मानतं ते डाव्या. आमच्या चार ओळी डावीकडे होत्या. उभ्या रकान्यावर नुसती नजर टाकली असती तरी दिसलं असतं, पण बघायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं.

नजरेवर भागत नसेल तर हिशेबाने पकडा. रकमेच्या रकान्याखाली तीन सूत्रं ठेवा. सूत्र बरोबरच्या चिन्हाने सुरू होतं, मग इंग्रजीत नाव, मग कंसात पहिला आणि शेवटचा खण आणि मधे एकावर एक दोन टिंबं. पहिलं 'सम', म्हणजे बेरीज. दुसरं 'काउंट', जे फक्त आकडे असलेले खण मोजतं. तिसरं 'काउंट-ए', जे रिकामे नसलेले सगळे खण मोजतं. शेवटची दोन उत्तरं सारखी आली नाहीत, तर जितका फरक तितक्या रकमा बेरजेबाहेर आहेत. आमच्याकडे फरक ४ आला असता आणि भांडण दोन मिनिटांत मिटलं असतं.

पायरी ३: जे आकड्यासारखं दिसतं पण आकडा नाही

पिन कोड घ्या. ४५२००१ ला दोनने भागून किंवा सगळ्या सभासदांच्या पिनची बेरीज करून काही हाती लागतं का? नाही. तो पत्ता आहे, आकड्यांत लिहिलेला. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. इंदूर शहर ४५२, शेजारचं महू ४५३. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आमच्या मंडळात हे सांगितलं की सगळ्यांना जरा बरं वाटतं. त्यातही मजा म्हणजे पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना मिळून दिलेला. बडोद्याचे आपले लोक ३९० मध्ये गेले. राज्य पुनर्रचनेत इंदूर कुठेही पडो, पोस्टाने आम्हाला पुण्याच्या पंगतीत बसवलं आहे.

तर पिन, मोबाइल, पावती क्रमांक, घर क्रमांक हे सगळे मजकूर. त्या रकान्यांना काहीही भरण्याआधी फॉरमॅट मेनूतून 'नंबर' आणि त्यात 'प्लेन टेक्स्ट' निवडा. नाहीतर दोन गोष्टी होतात. पावती क्रमांक ००४२ लिहिला की तो ४२ होतो, कारण आकड्याला पुढच्या शून्यांची किंमत नाही. आणि घर क्रमांक १२/३ लिहिला की त्याची तारीख होते. एक्सेलमध्ये तर एंटर दाबताच घराच्या जागी महिना दिसायला लागतो. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, तेव्हा खणात भलताच पाच आकडी आकडा उगवतो.

तो आकडा कुठून आला ते सांगायला हवं, कारण तारखेचं गुपित त्यात आहे. शीट तारीख लक्षात ठेवत नाही, दिवस मोजते. १ जानेवारी १९०० च्या आसपासपासून किती दिवस झाले, एवढंच. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे तिच्या लेखी १७,३९४. कोणत्याही खणात ही तारीख टाका, फॉरमॅट साध्या आकड्याचं करा, बघा. हा खेळ काकांना भयंकर आवडला. दोन तारखांची वजाबाकी का होते, आणि एखाद्याचं वय दिवसांत कसं निघतं, ते त्यावरून आपोआप कळलं. मग त्यांनी स्वतःचं काढलं आणि काकूंना ओरडून सांगितलं.

धोका इथेच आहे: ३/४/१९६२ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? शीट अमेरिकी पद्धतीवर बसवलेली असेल तर महिना आधी धरते. १३/४/१९६२ आली की तेरावा महिना नसल्याने ती मजकूर होऊन डावीकडे सरकते. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या तारीखच नाहीत. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल' भारत करून घ्या, तारखा भरण्याआधी.

पायरी ४: बऱ्हाणपूर किती?

सभासदांच्या यादीत हौसेने 'मूळ गाव' हा रकाना घातला होता. गाळणी लावली, म्हणजे फिल्टर, तर बऱ्हाणपूरचे तीनच जण निघाले. मला स्वतःला नऊ माहीत होते. शोधलं तर कोणी 'बुऱ्हाणपूर' लिहिलेलं, कोणी हिंदीतलं 'बुरहानपुर'. हे दुरुस्त केलं तरी दोन राहिलेच. डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखं, तरी शीट म्हणे वेगळं.

कारण आत काय साठवलं जातं त्यात आहे. संगणकाला अक्षराचं चित्र कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारी यादी म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि आज त्यात दीड लाखाहून जास्त अक्षरं आणि चिन्हं आहेत. आपला अर्धा 'ऱ' दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्या 'ऱ' लाच स्वतंत्र क्रमांक आहे. दुसऱ्या रीतीत साधा 'र', त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मागे न दिसणारं एक जोडचिन्ह. एक कीबोर्ड असं करतो, दुसरा तसं. कागदावर एकच, पोटात दोन.

यावर उपाय दुरुस्तीचा नाही, लिहूच न देण्याचा. जे शब्द पुन्हा पुन्हा येणार आहेत, म्हणजे गाव, वसाहत, रोख/यूपीआय, त्यांच्यासाठी 'इन्सर्ट' मेनूतून ड्रॉपडाउन करा. यादीतून निवडायचं, हाताने लिहायचं नाही.

याच घराण्यातला दुसरा घोटाळा जुन्या फाइलींचा. इंदुरात टाइपिंगवाल्यांकडून काही करून आणलं की ते बहुधा कृतीदेवमध्ये असतं. तो फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांना देवनागरीचे मुखवटे. पडद्यावर हिंदीतलं 'इन्दौर' दिसतं, पण साठवलेली अक्षरं असतात बी, यू, एन, के, एस, जे. फॉन्ट नसलेल्या फोनवर तेच उघडं पडतं आणि लोक म्हणतात फाइल बिघडली. ती बिघडलेली नाही, मुखवटा उतरला आहे. अशी यादी आली तर आधी तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

मधेच: बाइट आणि एसएमएसचा खर्च

हे थोडक्यात. एक बिट म्हणजे शून्य किंवा एक. आठ बिट मिळून एक बाइट. फाइलींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत एका रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्ताला तीन. 'श्री' आपण एका हिसक्यात लिहितो. संगणकासाठी तो श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असा चौघांचा मेळा आहे, १२ बाइटचा.

याने फोन भरेल अशी भीती नको. ४०० सभासद, प्रत्येकाच्या ओळीत काना-मात्रांसह दीडशे चिन्हं धरली तरी १,८०,००० बाइट होतात, म्हणजे सुमारे १८० केबी. आरतीच्या ताटाचा एक फोटो तीन एमबीचा असला, तर त्यात अशा सोळा याद्या मावतील. फोन भरतो तो सुप्रभातच्या फुलांनी.

खिशाला झळ मात्र एसएमएसमध्ये लागते. साध्या रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात की दोन एसएमएस धरले जातात. 'श्री' ने सुरुवात केलीत की ७० पैकी ४ तिथेच गेली. आमचं महाप्रसादाचं निमंत्रण काकांनी स्वतः कापून ६८ वर आणलं. 'सहकुटुंब सहपरिवार' मधलं एक गेलं.

वायफायवाला १०० एमबीपीएस सांगतो ते बिट असतात, बाइट नव्हेत. आठने भागा: सेकंदाला साडेबारा एमबी, तेही सगळं सुरळीत असेल तेव्हा.

पायरी ५: क्रम लावताना हात सांभाळा

आडनावांप्रमाणे क्रम लावायचा म्हणून एका ताईंनी फक्त आडनावांचा रकाना निवडला आणि क्रम लावला. आडनावं वर्णानुक्रमे झाली, बाकी रकाने जागच्या जागी. क्षणात आपट्यांच्या नावावर वैद्यांचा मोबाइल. एक्सेल अशा वेळी शेजारचे रकानेही घेऊ का असं विचारतं, घाईत आपण भलतंच बटण दाबतो.

म्हणून पहिली ओळ गोठवून घ्या (व्ह्यू मेनूत 'फ्रीझ'), पूर्ण तक्ता निवडा, डेटा मेनूतून फिल्टर लावा आणि क्रम फक्त त्या फिल्टरच्या बाणातूनच लावा. मग ओळी अखंड हलतात. चूक झालीच तर काही करू नका, आधी 'अनडू'. गूगल शीटमध्ये फाइल मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे, तिथे कालची शीट जशीच्या तशी मिळते, आणि कोणी काय बदललं तेही दिसतं. पोरांना हे दिसतं हे कळल्यापासून लिहिण्यात शिस्त आली आहे.

पायरी ६: खतावणी

आता खरी मजा. कीर्द तयार आहे, खतावणी हवी. दोन वाटा आहेत.

एकाच सभासदाचं किंवा एकाच वसाहतीचं हवं असेल तर 'सम-इफ'. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या रकान्यात बघू, काय शोधू, आणि सापडलं तर कुठल्या रकान्यातली रक्कम जोडू. सभासद क्रमांकाचा रकाना, १०७, रकमेचा रकाना. झालं १०७ चं खातं.

सगळ्यांचं एकदम हवं असेल तर पिव्होट टेबल. नावाला घाबरू नका. संगणकावर पूर्ण व्यवहार-तक्ता निवडून 'इन्सर्ट'मधून पिव्होट टेबल घ्या, ओळींच्या जागी सभासद क्रमांक द्या, किमतींच्या जागी रक्कम. पेढीवर दिवाळीआधी आठ दिवस चालणारं काम तिथे होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आता ओळींत 'कोणी घेतली' टाक. टाकलं. कोणत्या पोराने किती गोळा केली ते दिसलं. मग स्तंभांत रोख आणि यूपीआय टाकायला लावलं, आणि प्रत्येकाकडे किती रोख असायला हवी होती तो तक्ता समोर आला. तपासणी कशाची करायची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला फक्त बटणं माहीत आहेत.

खात्यापुढे क्रमांकाऐवजी नाव दिसायला हवं असेल तर 'व्हीलुकअप' शिका, पण ते दुसऱ्या महिन्यात.

पायरी ७: काय लिहायचं नाही, आणि कोणाला दाखवायचं नाही

आधार क्रमांक गोळा करू नका. मंडळाला त्याचं काही काम नसतं, तरी कोणीतरी उत्साहाने रकाना घालतोच. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. त्याच्या बारीक कलमांत न शिरताही गरज नसलेली माहिती न मागणं हे साधं शहाणपण आहे. जन्मतारखेच्या जागी नुसता दिवस-महिना चालतो, वाढदिवसाला तेवढंच पुरतं.

शीट देताना 'व्ह्यूअर' आणि 'एडिटर' यांत फरक करा. बघायला सगळ्यांना, लिहायला तिघांना. 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय निवडून ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे ४०० घरांचे मोबाइल क्रमांक राजवाड्याच्या चौकात फळ्यावर लिहिणं.

व्हॉट्सॲपवर यादी पाठवायचीच असेल तर पीडीएफ करून पाठवा, मोबाइलचा रकाना झाकून. सीएसव्ही नावाची फाइलही मिळते, ज्यात स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर असतो. ती दुसऱ्या प्रणालीत न्यायला उत्तम, पण एक्सेलमध्ये सरळ उघडली की मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसू शकतात. घाबरून जतन करू नका. बंद करा, आणि डेटा मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ निवडा.

प्रत तीन जागी हवी: एक गूगलवर, एक कोणाच्या तरी संगणकात, एक कागदावर छापून. गूगलवर म्हणजे ढगात नव्हे, कंपनीच्या कुठल्याशा इमारतीतल्या संगणकांत. आपला पासवर्ड गेला तर तिथली प्रत असून नसल्यासारखी.

आमची शीट ज्या पोराच्या ईमेलवरून सुरू झाली होती तो जुलैत नोकरीला पुण्याला गेला, आणि मालकी त्याच्याच नावावर होती हे आम्हाला ऑगस्टमध्ये कळलं. त्याने फोनवरून ती मंडळाच्या नावाच्या नव्या खात्याकडे सोपवली, दोन मिनिटांचं काम. पासवर्ड काकांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहिला, पाकीट लाखेने बंद केलं आणि गणपतीच्या चांदीच्या मोदकांच्या डब्यात ठेवलं. डब्याची किल्ली दोघांकडे आहे. पाकिटावर त्यांनी क्रमांक टाकला आहे: ०००१, पुढच्या शून्यांसकट.